राजपुत्राची चाल

यंदाच्या अंकासाठी मी काय लिहिते आहे हे कळल्यावर मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिले. मराठी विभागातल्या एका सरांनी तर अगदी शांतपणे विचारले, "म्हणजे संगणकावरचा तो खेळ? त्यात लिहिण्यासारखे काय आहे?" सरांचा प्रश्न रास्त होता. आपल्या वार्षिकांकात पाऊस असतो, आजी असते, सहलीचे वर्णन असते, दोन-तीन कथा आणि पुष्कळ कविता असतात. उड्या मारणारा राजपुत्र आजवर या पानांत आलेला नाही. तेव्हा वाचकहो, थोडा धीर धरा. तो येतो आहे, आणि त्याच्याजवळ वेळ फार थोडा आहे.

खेळाचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकहाती तयार केला आणि ब्रॉडरबंड या कंपनीने १९८९ साली तो 'अ‍ॅपल टू' या संगणकासाठी बाजारात आणला. कथा म्हणाल तर चार ओळींची. सुलतान दूर देशी लढाईवर गेला आहे. मागे त्याचा वजीर जाफर राज्य बळकावतो, शहजादीला कोंडतो आणि तिच्यापुढे वाळूचे घड्याळ ठेवतो. एका तासात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. शहजादीचे ज्याच्यावर प्रेम आहे तो तरुण तळघरात कैदेत पडलेला आहे. त्याने त्या तासाभरात बारा लेव्हल्स पार करून वर पोहोचायचे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा वजीर परका वाटणार नाही.

यातला तास हा खरा तास असतो, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळातला. राजपुत्र मेला तर तुम्हांला पुन्हा जिवंत होता येते, हवे तितक्या वेळा होता येते. लेव्हल सुरुवातीपासून खेळावी लागते, एवढेच. पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. मरणाला क्षमा आहे, वेळेला नाही. असा हिशेब मी दुसऱ्या कोणत्या खेळात पाहिला नाही. इतर ठिकाणी तीन जीव, पाच जीव असे मोजून देतात आणि ते संपले की दुकान बंद. इथे जीव अमाप आहेत आणि खर्च होतात ती तुमची मिनिटे.

माझी आणि या राजपुत्राची गाठ घालून दिली ती माझ्या मामांनी. मामांनी १९९६ साली आमच्या तालुक्याच्या गावी संगणकाचा क्लास काढला. तीन यंत्रे, एक कूलर आणि दारात चपला काढून ठेवण्याची सक्त ताकीद. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला घालून गेले तर यंत्राला काहीतरी बाधते अशी सर्वांची श्रद्धा होती. पाऊण तास टायपिंगचा सराव केला की शेवटची पंधरा मिनिटे 'प्रिन्स' खेळायला मिळत असे. मामा म्हणतात, निम्मी मुले त्या पंधरा मिनिटांचीच फी भरत होती. खेळ एका फ्लॉपीत मावत असे आणि ती फ्लॉपी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असे. रीतसर पैसे देऊन ती विकत घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. असो. क्लास पुढे बंद पडला, पण एक यंत्र मामांनी माडीवर ठेवले. मी चौथीत असताना, २०१३ साली, माझे बाबा हृदयविकाराने गेले. त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या मी मामांकडे काढल्या. त्या यंत्राला आवाजाची सोय म्हणजे आतला एक किरकिरणारा स्पीकर, आणि राजपुत्र म्हणजे पांढऱ्या कपड्यांतला अंगठ्याएवढा माणूस. मामा म्हणाले, "बघ, तो कसा धावतो ते बघ. जिंकायचं नंतर."

मी बघितले, आणि तेव्हापासून बघतेच आहे.

तो धावतो तेव्हा पहिल्या पावलाला अंग पुढे झुकते. थांबायचे असेल तर तो झटकन थांबत नाही, पावले घासत थांबतो. धावता धावता उलटे वळायला सांगितले तर आधी घसरतो, मग वळतो. उडी थोडी कमी पडली तर हाताची बोटे कड्याला लागतात आणि शिफ्टची कळ दाबून ठेवली असेल तर तो लोंबकळत राहतो. मग अंग वर ओढून घेतो, आधी कोपर, मग गुडघा. दोन मजल्यांवरून पडला तर उकिडवा बसून क्षणभर सावरतो आणि जिवाचा एक तांबडा त्रिकोण गमावतो. तीन मजल्यांवरून पडला तर उठत नाही. आजच्या मोबाइलवरच्या खेळांत वाढलेला माझा चुलतभाऊ पाच मिनिटांत वैतागला. "ताई, हा ऐकतच नाही गं!" मला वाटते, त्याच्या तक्रारीतच खेळाचे मर्म आहे. कळ दाबली की हलते ते चित्र. याला वजन आहे, आणि वजन असलेल्या माणसाला थांबायला दोन पावले लागतातच.

हे वजन आले कुठून? पुढे मी मेक्नरची रोजनिशी वाचली, तेव्हा उलगडा झाला. हा खेळ करत असताना तो रोजनिशी लिहीत असे आणि २०११ साली त्याने ती प्रसिद्ध केली. १९८५ साली कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मेक्नरने आपल्या शाळकरी वयाच्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि गाड्या उभ्या करण्याच्या एका मोकळ्या जागेत त्याला धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला सांगितले. हे सगळे त्याने व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपले. मग ती फीत एकेक चौकट थांबवून दूरदर्शनसंचाच्या पडद्याचे साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले, ते धुऊन आणले, त्यांतली आकृती काळ्या-पांढऱ्या शाईने ठळक केली आणि एकेक करून संगणकात उतरवली. चित्रपटाच्या दुनियेत ही युक्ती फार जुनी आहे, पण घरगुती संगणकावर कोणी ती इतक्या चिकाटीने केलेली नव्हती. तलवारबाजीसाठी मात्र भाऊ पुरेना, कारण दोघा भावांपैकी कोणालाच तलवार चालवता येत नव्हती. तेव्हा १९३८ सालच्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटातले शेवटचे द्वंद्व कामी आले. एरल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन हे दोघे त्यात काही सेकंद अगदी बाजूने, समोरासमोर दिसतात. तेवढी सेकंदे मेक्नरने उचलली. म्हणजे माडीवरच्या त्या किरकिऱ्या यंत्रात मी रखवालदाराशी लढत होते तेव्हा माझ्या हातात एरल फ्लिनचा हात होता!

संगीत त्याच्या वडिलांचे. फ्रान्सिस मेक्नर हे पेशाने मानसशास्त्रज्ञ. व्हिएन्नात जन्मले आणि नाझींमुळे लहानपणीच त्यांना ते शहर सोडावे लागले. मुलाच्या खेळासाठी त्यांनी चाली रचल्या. थोरल्याची बुद्धी, धाकट्याचे शरीर, वडिलांचे सूर असा हा घरचाच कारखाना होता. हे वाचल्यापासून मला त्या खेळात राजवाड्याच्या दगडी भिंतींमागे एक साधे घर दिसू लागले.

मेक्नरचे मन या कामात सतत रमलेले होते असे मात्र समजू नका. त्याला पटकथा लिहायच्या होत्या. रोजनिशीत पानोपानी तो डळमळताना दिसतो. हा खेळ सोडावा आणि सिनेमाकडे जावे, की आधी हा पुरा करावा? आपल्या वर्गातही ही डळमळ चालूच असते. कोणी बी.एड.चा विचार करतो, कोणी स्पर्धा परीक्षेचा, कोणी नाटकाचा, आणि संध्याकाळपर्यंत विचार बदललेला असतो. मेक्नरची अशी चार वर्षे गेली. खेळ पुरा झाला तोवर अ‍ॅपल टू यंत्राचेच दिवस भरत आले होते. सुरुवातीची विक्री निराशाजनक होती. १९९० साली डॉसवर चालणारी आवृत्ती निघाली, मग इतर यंत्रांवरच्या निघाल्या, आणि राजपुत्र हळूहळू जगभर पोहोचला. मामांच्या क्लासातही तो आला तो त्याच वाटेने.

आता सावलीबद्दल लिहायचे आहे. मला या खेळातला सर्वांत मोठा भाग हाच वाटतो, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

अ‍ॅपल टूवरच्या त्या खेळाला मिळाली होती १२८ किलोबाइट जागा. आज खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्रसुद्धा त्या यंत्रात मावणार नाही. राजपुत्राच्या हालचालींनीच ही जागा भरून गेली. शत्रूला जागाच उरली नाही. काही काळ मेक्नरने ठरवून टाकले होते की यात लढाई नकोच, सापळे पुरेत. पण टॉमी पिअर्स ही त्याची सहकारी त्याला पुन्हापुन्हा टोकत राहिली की खेळाला कोणीतरी प्रतिस्पर्धी पाहिजे. नवी आकृती ठेवायला जागा नाही, तर मग आहे तीच आकृती वापरायची! राजपुत्राचेच चित्र किंचित सरकवून त्याच्यावरच असे टाकायचे की जिथे दोन्ही जुळतात तिथे पुसले जाईल आणि जिथे जुळत नाहीत तिथे उजळेल. यंत्राला ही क्रिया अगदी फुकटात करता येते. पडद्यावर उमटला तो राजपुत्राचाच लुकलुकणारा, पोकळ, भुतासारखा जोडीदार. रखवालदार आले ते नंतर, जागेची आणखी काटकसर करून. पहिला शत्रू जन्माला आला तो असा, नायकाच्याच चित्रातून.

चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा उभा राहतो. दुसरा रस्ता नाही. धावत येऊन त्यातून उडी मारायची. राजपुत्र एका बाजूला पडतो, त्याच क्षणी आरशातून त्याची सावली उलट्या दिशेला निघून जाते आणि राजपुत्राच्या अंगात फक्त एका त्रिकोणाएवढा जीव उरतो. पाचव्या लेव्हलला तुम्ही औषधाच्या मोठ्या कुपीपर्यंत पोहोचणार तोच ही सावली पुढे होऊन ती पिऊन टाकते. सहाव्याला ती तुमच्या तोंडावर दरवाजा पाडते आणि तुम्ही खाली कोसळता. आणि बाराव्या लेव्हलला, वजीर दोन पावलांवर असताना, ती तलवार उपसून समोर उभी राहते. इतका वेळ तुम्ही रखवालदारांना मारत आलेले असता, हात सवयीने चालतो. तुम्ही वार करता. सावलीला जखम होते आणि तुमचाही एक त्रिकोण जातो. पुन्हा वार, पुन्हा एक त्रिकोण. तिला मारले तर तुम्ही मेलाच.

करायचे असते ते असे की तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात चालत जायचे.

खेळात हे कोणी सांगत नाही. पाटी नाही, सूचना नाही. मामांच्या क्लासातल्या मुलांना हे कळायला दोन महिने लागले होते म्हणे. एका मुलाने कंटाळून, हरल्यासारखी, तलवार खाली केली आणि खोलीत एकदम शांतता पसरली. दोघे एक झाले की पुढे जिथे जमीन दिसत नाही अशा पोकळीवर पाऊल टाकायचे असते. पावलाखाली फरशी आपोआप उमटत जाते. याचा अर्थ काय लावायचा तो प्रत्येकाने लावावा. मानसशास्त्राच्या मंडळींना इथे युंग आठवेल, तत्त्वज्ञानवाल्यांना अद्वैत आठवेल, आणि आमच्या सरांना हे दोन्ही थोडे जास्त झाले असे वाटेल. मला नवल वाटते ते याच्या उगमाचे. जागा अपुरी होती म्हणून केलेली ही तडजोड खेळाच्या काळजाशी जाऊन बसली.

आठव्या लेव्हलचा उंदीर हा असाच एक प्रसंग. शहजादीजवळ एक पांढरा उंदीर आहे. त्या लेव्हलला एका ठिकाणी तुमच्या वाटेतला जाळीचा दरवाजा बंद होतो आणि तो उघडणारी कळ पलीकडे राहते. उडी पोहोचत नाही, हात पोहोचत नाही. घड्याळ चालूच आहे. इतका वेळ खेळाने तुम्हांला पळ, पळ, पळ असे शिकवले आहे आणि आता करण्यासारखे काहीच नाही. पुष्कळ जण चिडून मुद्दाम खाली उडी टाकतात आणि लेव्हल पुन्हा सुरू करतात. पण नुसते उभे राहिले तर थोड्या वेळाने उंदीर तुरुतुरु येतो, कळीवर चढतो आणि दरवाजा उघडतो. साठ मिनिटांच्या धावपळीत वाट पाहण्याची ही एक जागा ज्याने ठेवली, त्याला पटकथा लिहिता येत नव्हत्या असे कोणी म्हणू नये.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या संदर्भात संवादलय, विरोधलय आणि समतोललय सांगितली आहे. परीक्षेसाठी मी ती पाठ केली. ती कळली असे वाटले ते मात्र राजपुत्राला कातरीसारख्या उघडमीट करणाऱ्या पोलादी जबड्यांतून पलीकडे नेताना. जबडे ठरावीक तालात मिटतात. पुढचा जबडा त्या तालाला किंचित छेद देतो. आपण शिफ्टची कळ दाबून मांजरासारखे एकेक पाऊल टाकत कडेला येतो, मनात ताल धरतो आणि निघतो. एका जागी उंच उडी मारली की त्या रांगेतल्या सैल फरशा हलून खडखडतात, म्हणजे कोणत्या फरशीवर विश्वास ठेवायचा नाही ते आधीच कळते. वापरायला कळा मोजक्याच, आणि त्यांतून केवढी भाषा! व्याकरण थोडे आणि बोलण्याजोगे फार, हे लक्षण पाहिले तर मला याला कलाकृती म्हणायला संकोच वाटत नाही.

दोषही आहेत. यातला 'पर्शिया' हा हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांतला आणि अरबी कथांतला खिचडी देश आहे. वजिराचे जाफर हे नाव बगदादच्या गोष्टींतले. इराणच्या इतिहासाशी या राजवाड्याचे नाते जवळजवळ नाहीच. २०१० साली याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात राजपुत्र झाला एक अमेरिकन नट. २०२४ साली आलेल्या 'द लॉस्ट क्राउन' या खेळात मात्र सीमुर्ग पक्षी आणि काफ पर्वत आले, पात्रे फारसीत बोलतील अशीही सोय झाली. पस्तीस वर्षांनी का होईना, पर्शियाला पर्शियाची भाषा मिळाली. मधल्या काळातले २००३ सालचे 'द सँड्स ऑफ टाइम' फार गाजले. त्यात काळ मागे फिरवता येतो. खेळ सुंदर आहे, पण मला तो परका वाटतो. वेळ परत मिळायला लागली की माझा राजपुत्र संपला.

आता जे लिहायचे आहे त्यासाठी हा लेख मी दोनदा अर्धा टाकला होता.

माझे बाबा वायरमन होते. त्यांच्या उजव्या मागच्या खिशात कायम पक्कड असे आणि तिच्या ओझ्याने ते उजवीकडे किंचित कलून चालत. खांबावर चढताना मात्र ते सरळ आणि हलके दिसत. घरात त्यांचे चार फोटो आहेत. चारही फोटोंत ते ताठ उभे आहेत किंवा बसले आहेत, आणि कॅमेऱ्याकडे पाहून जरा घाबरले आहेत. आमच्याकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता, त्यात चित्रीकरणाची सोय नव्हती. आईने एकदा सहज म्हटले, "तुझ्या बाबांचं तोंड आठवतं गं, चालणं आठवायला गेलं की पुसट होतं." ते वाक्य मनात रुतून बसले.

मेक्नरने भावाची चौकट न् चौकट कशी उतरवली हे वाचल्यावर मला एकदम मावशीच्या लग्नाची सीडी आठवली. लग्न २००९ सालचे. मामांनी ती चरे पडलेली सीडी पुसून पुसून शेवटी चालू केली. पंगतीच्या दृश्यात बाबा मठ्ठ्याची बादली घेऊन पडद्याच्या डावीकडून उजवीकडे जातात, अगदी बाजूने, फ्लिन आणि रॅथबोन दिसतात तसे. चार सेकंदे. म्हणजे शंभर चौकटी. व्हीएलसीमध्ये 'ई' ही कळ दाबत गेले की चित्र एकेक चौकट पुढे सरकते, हे मामांनीच दाखवले. मी शंभरही पाहिल्या. लग्नाच्या कपड्यांत पक्कड नव्हती, बादली डाव्या हातात होती, आणि तरीही ते उजवीकडे कललेले होते. आईला बोलावले. ती उभ्या उभ्या तीन वेळा पाहून म्हणाली, "हो, असंच." आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

ज्याच्या धावण्यातून राजपुत्र घडला तो डेव्हिड मेक्नर आज प्रौढ गृहस्थ आहे. १९८५ सालच्या त्या मोकळ्या जागेत त्याने मारलेली उडी मात्र जगातल्या कुठल्यातरी पडद्यावर या क्षणीही कोणीतरी मारत असेल. अ‍ॅपल टूवरच्या खेळाची मूळ संकेतसंहिता पुष्कळ वर्षे हरवलेली होती. २०१२ साली वडिलांना, त्याच फ्रान्सिस मेक्नरांना, घरातल्या कपाटात मागे पडलेला एक खोका सापडला आणि त्यात जुन्या फ्लॉप्या निघाल्या. जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि मेक्नरने ती संहिता सर्वांसाठी खुली केली. चुंबकीय चकत्या इतकी वर्षे टिकतीलच असे नसते. या टिकल्या. मावशीच्या लग्नाची सीडी मी तीन ठिकाणी उतरवून ठेवली आहे.

माडीवरचे यंत्र गेल्या पावसाळ्यात कायमचे बंद पडले. आता आम्ही लॅपटॉपवर, डॉसबॉक्समध्ये खेळतो. मामांना चाळिशीचा चष्मा लागला आहे आणि बोटे पूर्वीसारखी वळत नाहीत, तरी विक्रम अजून त्यांचाच आहे. शहजादीच्या खोलीत ते पोहोचले तेव्हा एकोणीस मिनिटे शिल्लक होती. माझी आजवरची मजल अकरा. "आठव्या लेव्हलला उंदराची वाट बघण्यात जी सेकंदं जातात ना, ती कोणालाच वाचवता येत नाहीत," असे मामा म्हणतात. उंदीर येण्याआधी राजपुत्राने नेमके कुठे उभे राहावे याबद्दल माझा एक वेगळा अंदाज आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो करून बघायचा आहे.